आधी थांबायचं कोणी?

नाशिकला समुद्र नाही. मुंबईच्या बंदरांवरचा मासा बर्फाच्या खोक्यांतून रात्री कसारा घाट चढतो आणि सकाळी बाजारात मांडला जातो. गिऱ्हाईक कल्ला उचलून लाली बघतं, बोटानं पोट दाबतं, डोळा स्वच्छ आहे का बघतं. ताजेपणाची पारख इथल्या माणसाला कोकणातल्या माणसाइतकी नसली तरी बऱ्यापैकी आहे. लांबी मात्र कुणी मोजत नाही. तळहाताएवढी पापलेटं ढिगानं स्वस्तात मिळाली की ती ‘परवडली’ म्हणून पिशवीत जातात.

महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर, अशी ती यादी आहे. त्याहून लहान मासा पकडू नये, विकू नये. यामागचा हेतू साधा आहे: माशाला निदान एकदा तरी अंडी घालू द्या. पण १३५ मिलिमीटर म्हणजे खिशातल्या बॉलपेनाहून थोडं कमीच, आणि पाण्याखालच्या जाळ्यात पेन धरून बसणार कोण? मासा किती लांब आहे हे कळतं तो नावेच्या फळीवर येऊन पडल्यावर. तोवर तो बहुधा मेलेला असतो. नियम त्याला वाचवायला फार उशिरा पोचतो.

म्हणून ज्या देशांनी हा विषय मनावर घेतला, ते बाजारातून मागं सरकत सरकत जाळ्यापर्यंत गेले.

जाळ्याचं गणित समजायला लासलगावकडची कांद्याची लाल जाळीदार पिशवी पुरे आहे. विणीची, ताणली जाणारी पिशवी घ्या आणि भरून तोंडाकडून उचला. रिकामी असताना जे डोळे शंकरपाळ्यासारखे उघडे होते, ते वजन पडताच लांबट होतात आणि मिटतात. जमिनीवर ठेवलेल्या पिशवीतून लिंबाएवढा कांदा निसटेल, उचललेल्या पिशवीतून निसटणार नाही. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटी जी खोळ असते, तिचं अगदी हेच होतं. यंत्रबोट जाळं ओढते, मागं मासळीचा भार वाढतो, पाणी मागं खेचतं आणि खोळीचा आस, म्हणजे जाळीचा डोळा, मिटत जातो. कागदावर आसाचं माप बरोबर असतं. बंदरावर अधिकाऱ्यानं पट्टी लावून मोजलं तरी बरोबर भरतं. पाण्याखाली मात्र त्यातून कोळंबीसुद्धा मुश्किलीनं सुटते.

उपाय म्हटला तर हास्यास्पद वाटावा इतका सोपा आहे. तेच जाळीचं कापड ४५ अंशांत फिरवून खोळ शिवायची. मग भार आसाच्या बाजूंवरून सरळ जातो, डोळा चौकोनी राहतो आणि ओढतानाही उघडा राहतो. हा ‘चौकोनी आस’ जगभर वापरात आहे आणि आपल्याकडचे मत्स्यशास्त्रज्ञही कित्येक वर्षं तो सुचवत आले आहेत. अडचणीही आहेत. फाटलेलं चौकोनी जाळं दुरुस्त करणं किचकट, गाठी सरकतात, आणि अर्धवट अडकलेले मासे सोडवत बसावं लागतं. त्याहून मोठी गोम वेगळीच. चौकोनी आस गोल अंगाच्या माशाला सोयीचा. पापलेटासारखा चपटा, उभट मासा शंकरपाळी आसातूनच जास्त सहज निघतो. म्हणजे एकाच जाळ्यात बांगडा आणि पापलेट दोन्ही येणार असतील, तर एकाचं पिल्लू वाचवताना दुसऱ्याचं अडकू शकतं. उत्तरेकडच्या थंड समुद्रात एका ओढीत दोन-चार जाती येतात, आपल्याकडे कित्येक. परदेशातला एखादा नियम उचलून आणायच्या आधी हा फरक डोक्यात असलेला बरा.

नॉर्वेनं कोळंबीच्या जाळ्यात यावर एक कल्पक तोड काढली. जाळ्याच्या नळीत तिरकी, उभ्या गजांची चौकट बसवली, खिडकीच्या गजांसारखी. दोन गजांत अंतर १९ मिलिमीटर. कोळंबी गजांमधून मागच्या खोळीत जाते, मासा मात्र चौकटीवरून वर सरकत जाळ्याच्या छताला ठेवलेल्या भोकातून बाहेर पडतो. पुढं कॉड माशासाठी ५५ मिलिमीटर अंतराची चौकट आली. समुद्रशेवाळ किंवा जेलीफिश चौकटीवर साचले की कोळंबीही भोकातून निघून जाते, आणि मग नाखवा वैतागून चौकट काढून ठेवतो की साफ करतो, यावर सगळं अवलंबून असतं. तो ती साफ करतो, कारण नॉर्वेमध्ये लहान मासा घेऊन त्याला काही मिळत नाही.

तिथं १९८७ पासून कॉड आणि हॅडक हे मासे समुद्रात परत फेकायला बंदी आहे. पहिल्यांदा ऐकलं की हे उलटंच वाटतं. लहान मासा परत टाकावा की ठेवावा? पण परत टाकलेला मासा बहुतेक वेळा मेलेलाच असतो, आणि तो कुणाच्या वहीत येत नाही. जे वहीत येत नाही ते अस्तित्वातच नाही असं धरून पुढच्या वर्षीचा हिशेब मांडला जातो. म्हणून नॉर्वेचा नियम असा, की जे आलं ते सगळं किनाऱ्यावर आणा. कोट्याबाहेरचं किंवा नियमाबाहेरचं असेल तर त्याचे पैसे तुमच्या खिशात जात नाहीत, मच्छीमारांच्या विक्री संघाकडे जमा होतात. त्याच्या जोडीला आणखी एक नियम आहे. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रात एखाद्या पट्ट्यात लहान माशांचं प्रमाण १५ टक्क्यांवर गेलेलं दिसलं की तो पट्टा बंद होतो आणि सगळ्या नावा तिथून हलतात. म्हणजे लहान मासा पकडून आणल्याचा फायदा नाही, फेकून दिल्याची सोय नाही, आणि मुळात तो जिथं आहे तिथं जायचंच नाही. तीन बाजूंनी कोंडी. युरोपीय संघानं २०१५ ते २०१९ मध्ये टप्प्याटप्प्यानं ‘सगळं किनाऱ्यावर आणा’ हाच नियम केला, पण भर समुद्रात बघायला कुणी नसल्यानं तो बराचसा कागदावर राहिला. नियम तोच, पण नॉर्वेनं तो एकटा आणला नव्हता.

आता प्रश्न किती पकडायचं याचा. इथं अमेरिकेतल्या अलास्काच्या हॅलिबट माशाची कथा सांगायलाच हवी, कारण चांगल्या हेतूनं केलेला नियम किती वेडावाकडा जाऊ शकतो, याचं याहून नेमकं उदाहरण नसेल. सरकारनं एकूण किती हॅलिबट काढायचा हे ठरवलं होतं. तेवढा भरला की हंगाम बंद. कोणी किती पकडायचा हे मात्र ठरवलं नव्हतं. मग जो आधी पकडेल त्याचा. प्रत्येकानं मोठी नाव, जास्त गळ, जास्त माणसं घेतली. एकूण मर्यादा लवकर भरू लागली, म्हणून सरकारनं हंगाम आखूड केला, म्हणून लोक आणखी वेगानं पकडू लागले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महत्त्वाच्या भागांत अख्ख्या वर्षाचा हंगाम २४ तासांच्या मोजक्या खेपांवर आला होता. तारीख आधीच ठरलेली, त्या दिवशी वादळ असलं तरी जायचंच. नावा क्षमतेबाहेर भरून उलटत. वेळ संपला की गळांच्या दोऱ्या तशाच तळाशी सोडून परत यायचं, आणि त्या दोऱ्या पुढं कितीतरी दिवस मासे मारत राहत. इतका मासा एका दिवसात धक्क्यावर येई की साफ करायला, बर्फात घालायला सवड नसे. बहुतेक गोठवलेला विकला जाई आणि भाव पडे.

१९९५ मध्ये आधीपासून हॅलिबट पकडणाऱ्या बोटमालकांना एकूण मर्यादेतला ठरावीक हिस्सा नावावर दिला गेला. बस, एवढंच. दोन-तीन दिवसांचा हंगाम जवळपास आठ महिन्यांवर गेला. आपला हिस्सा कुणी पळवणार नाही हे कळल्यावर वादळाच्या दिवशी घरी बसणं परवडू लागलं. ताजा मासा वर्षातला बराच काळ मिळू लागला, भाव चढला. मासा आणि समुद्र तेच राहिले. बदलली फक्त घाई.

नाशिकच्या माणसाला हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था आहेत, आणि त्यांना पाणी घनमीटरमध्ये मोजून मिळतं. हेक्टरवर आकारणी होती तोवर ज्याचं शेत पाटाच्या मुखाशी, तो भरपूर पाणी घेई, कारण आज घेतलं नाही तर उद्याची खात्री नाही. पाणी मोजून नावावर पडू लागल्यावर त्याच माणसानं ठिबक बसवलं आणि द्राक्षं लावली. वाचवलेलं पाणी आपलंच राहणार असेल तरच माणूस वाचवतो. अलास्कातल्या हॅलिबटवाल्याचं डोकं काही वेगळं चाललं नव्हतं.

पण हिस्सा नावावर आला की तो विकताही येतो, आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. आइसलँडनं १९८४ मध्ये नावांना कोटे दिले आणि १९९० च्या कायद्यानं ते खरेदी-विक्रीसाठी मोकळे केले. मासे टिकवण्याच्या दृष्टीनं त्या देशाचं काम उत्तम आहे. दर वसंतात १९८५ पासून त्याच ठिकाणी, त्याच प्रकारच्या जाळ्यानं मोजणी होते. जाळं मुद्दाम बदललेलं नाही, नाहीतर मासा वाढला की जाळं सुधारलं हे कळणार कसं? त्या मोजणीवरून चार वर्षं आणि त्यावरील कॉडचं एकूण वजन काढतात आणि त्याच्या साधारण २० टक्क्यांच्या हिशेबानं पकड ठरते. मंत्र्याला वाटलं म्हणून ३० टक्के होत नाही. धक्क्यावर आलेला प्रत्येक मासा परवानाधारक तोलणाऱ्याकडून तोलला जातो, आणि कुठल्या नावेनं काय आणलं, तिचा किती कोटा उरला, हे कुणालाही संकेतस्थळावर बघता येतं. आपल्याकडे बाजार समितीत कांद्याचा लिलाव सगळ्यांदेखत होतो, तसा तिथं मासळीचा हिशेब उघड्यावर असतो.

बाकी बाजू अशी, की काही किनारी गावांतले छोटे कोटेधारक कोटे विकून मोकळे झाले आणि गावातली मासेमारीच संपली. मोठ्या कंपन्यांकडे हिस्से गोळा झाले. कोटा नसताना मासे पकडले म्हणून शिक्षा झालेल्या दोन मच्छीमारांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे दाद मागितली, आणि २००७ मध्ये समितीनं त्यांच्या बाजूनं मत दिलं. २००९ पासून आइसलँडनं उन्हाळ्यात छोट्या नावांसाठी किनारी मासेमारी मोकळी केली: हाताच्या गळाची जास्तीत जास्त चार यंत्रं, एका फेरीला १४ तास, आणि कॉडच्या हिशेबात ६५० किलोची मर्यादा. माझ्या मते ही दुरुस्ती उशिरा आणि थोडी आली, पण आली. समुद्र सगळ्यांचा आणि कोटा काहींचा, हा सल मात्र तिथल्या राजकारणातून गेलेला नाही.

विकता न येणारा हिस्सा असू शकतो का? जपानमध्ये आहे. किनाऱ्यालगतच्या पाण्यावरचा हक्क गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेचा, एकट्या माणसाचा नाही, आणि तो विकता येत नाही. सुरुगा आखातात साकुरा नावाची गुलाबी, जवळ्यापेक्षा थोडी मोठी कोळंबी मिळते. तिथले नाखवे १९७० च्या दशकापासून सगळ्या नावांची कमाई एकत्र करून वाटून घेतात. आज किती नावा जातील, किती काढायचं, कधी परत यायचं, हे किनाऱ्यावर बसून ठरतं. जास्त पकडून जास्त मिळणारच नसेल तर शर्यत कशाची? अकिता प्रांतात हाताहाता नावाच्या माशाची पकड हजारो टनांवरून १९९१ मध्ये ७० टनांवर आली, तेव्हा मच्छीमारांनी स्वतःहून तीन वर्षं, १९९२ ते १९९५, तो पकडणंच बंद ठेवलं. मासा परत आला. पुढं पुन्हा घटला, हेही खरं. पण तीन वर्षं एकत्र थांबता आलं, कारण संस्था एक होती आणि शेजारी थांबलाय की नाही हे दिसत होतं.

बागलाणात मोसम नदीवरची फड पद्धत ज्यांनी पाहिली किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकली, त्यांना यात नवल वाटणार नाही. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले, प्रत्येक फडात एकच पीक, आणि बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. नदीला पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवायचा. त्यानं एकाचंच नुकसान होत नाही, सगळ्यांचं थोडं थोडं होतं. पाटकरी पाणी सोडणार, स्वतःच्या शेतासाठी कुणी पाट फोडायचा नाही, आणि हंगामाआधी पाटाचा गाळ काढायला प्रत्येक घरातून माणूस यायचा. शतकानुशतकं ही पद्धत चालली. सुरुगाचे नाखवे कमाईचं करतात तेच इथं पाण्याचं होत होतं.

आता मोजमापाची चूक. कॅनडाच्या न्यूफाउंडलँडजवळचा कॉड हा जगातल्या सर्वांत मोठ्या मत्स्यसाठ्यांपैकी एक होता. १९६८ मध्ये तिथून ८ लाख टनांवर मासा निघाला. २ जुलै १९९२ ला सरकारला मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचं काम एका फटक्यात गेलं. शास्त्रज्ञ नव्हते असं नाही. पण साठा किती याचा अंदाज बांधताना मोठ्या ट्रॉलरना तासाला किती मासा मिळतो यावर फार भिस्त ठेवली गेली. कॉड कमी झाला तरी उरलेला एकत्र गोळा होऊन राहतो, आणि यंत्रांनी सज्ज ट्रॉलर तो घोळका बरोबर शोधतो. त्यामुळं पकडीचा आकडा चांगलाच दिसत राहिला. किनाऱ्यावर छोट्या नावांनी मासे धरणारे लोक मासा घटतोय, लहान होतोय, असं सांगत होते. त्यांचं म्हणणं तक्रार म्हणून वहीबाहेर राहिलं.

चांदवड-येवल्याकडचा शेतकरी हे एका वाक्यात सांगेल. बोअरला जास्त ताकदीची मोटार बसवली की पाणी तेवढंच फेकलं जातं, पातळी खाली जात असली तरी. मोटारीच्या धारेवरून भूजल मोजायचं नसतं, पातळी मोजायची असते. न्यूफाउंडलँडमध्ये धार मोजली गेली. बंदी उठायला २०२४ उजाडलं, आणि मिळाला तो कोटा १८ हजार टनांचा.

पेरू देशातल्या अँचोव्ही या छोट्या माशाचं उदाहरण याच्या उलट बाजूचं. मासा आखूड आयुष्याचा, समुद्राचं पाणी तापवणारा एल निन्यो आला की साठा कोसळतो. १९७० च्या सुमारास वर्षाला सव्वा कोटी टनांच्या आसपास पकड होती, १९७२-७३ मध्ये ती ढासळली. आता हंगामाआधी ध्वनिलहरींनी साठा मोजतात, आणि २०२३ मध्ये लहान मासे जास्त आढळले म्हणून वर्षाचा पहिला हंगामच रद्द केला. चीननं यांगत्से नदीत १ जानेवारी २०२१ पासून दहा वर्षांची बंदी घातली आणि दोन लाखांवर मच्छीमारांना दुसऱ्या कामाला लावलं. ते तिथं जमलं, इथं जमेल असं कुणी समजू नये.

भारताचं मुख्य हत्यार म्हणजे पावसाळी बंदी. पश्चिम किनाऱ्यावर साधारण १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. नारळी पौर्णिमेपर्यंत नावा ओढून ठेवायची कोळ्यांची जुनी रीत होतीच, त्यामुळं हा नियम लोकांच्या गळी उतरवावा लागला नाही. अडचण अशी, की बंदी उठली की पुन्हा अलास्काच. १ ऑगस्टला सगळे एकदम निघतात, आणि बंदीत वाढलेली पिल्लं पहिल्या पंधरवड्यात जाळ्यात येतात. आइसलँडसारखा जातवार कोटा आपल्याकडे बसत नाही, कारण एकाच डोल जाळ्यात बोंबील, जवळा, मांदेली आणि पापलेटाची पिल्लं सगळं येतं. डोल भरतीओहोटीच्या ओढीत मेखांना बांधून ठेवतात, आणि जवळा धरायचा तर आस बारीकच लागतो. मोठा आस लावला की पापलेटाचं पिल्लू सुटेल, आणि जवळ्यावर जगणारं घर उपाशी राहील. या पेचाला किमान लांबीची यादी उत्तर देत नाही. काही खाड्यांत, काही महिने, डोलच लावायची नाही आणि त्याची भरपाई त्याच महिन्यांत हातात पडेल, असं काही केलं तर देईल.

तारलीचाही धडा आहे. केरळमध्ये २०१२ ला ३.९ लाख टन तारली निघाली, २०२१ ला अवघी ३,२९७ टन. यात पकडीचा भाग आहे तसा समुद्राच्या तापण्या-बदलण्याचाही. गेल्या वर्षीच्या आकड्यावर कोटा ठरवला असता तरी हुकला असता.

आणि आपली धरणं? नाशिक जिल्ह्यातच जे मासे निघतात ते बरेचसे जलाशयांतून: रोहू, कटला, मृगळ. हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडावी लागते. ८-१० सेंटिमीटरहून लहान सोडली तर मोठे मासे खातात. सांडवा वाहत असताना सोडली तर निम्मी खाली वाहून जाते, म्हणून सांडवा थांबायची वाट बघायची. ऑक्सिजन भरलेली पिशवी आणल्या आणल्या फोडायची नाही; पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्यायची, आतलं-बाहेरचं तापमान एक झालं की तोंड सोडायचं. एवढं सगळं नीट केलं तरी जलाशयातल्या मासेमारीच्या ठेक्याचं शेवटचं वर्ष आलं की पुढचा ठेका आपल्याला मिळेल की नाही या शंकेनं बारीक आसाची जाळी पडतात आणि पावकिलोचा कटलाही बाहेर येतो. त्यातच उन्हाळ्यात पाटाला आणि खाली जायकवाडीला पाणी गेलं की मासा उरलेल्या डबक्यात कोंडला जातो, तेव्हा त्याला पकडायला कौशल्यही लागत नाही. ठेक्याचा काळ वाढवणं, आणि शेवटच्या वर्षी सोडलेल्या बोटुकलीचे पैसे नव्या ठेकेदाराकडून जुन्याला मिळवून देणं, या दोन गोष्टींनी बराच फरक पडावा.

बोटुकली कुणीतरी विकत आणून सोडतं. चढणीच्या माशांवर मात्र कुणाचंच नाव नाही. पहिल्या जोरदार पावसात ओढ्या-नाल्यांना लोंढा आला की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, आणि पुलाखाली, बंधाऱ्याच्या पायथ्याशी लोक टोपल्या, साड्या, मच्छरदाण्या लावून उभे असतात. दुसऱ्या दिवशी ते मासे रस्त्याकडेला विकायला असतात. विकणारा पोट दाबून दाखवतो, पिवळट गाभोळी बाहेर डोकावते, आणि त्या माशाला किलोमागं चार पैसे जास्त मिळतात.